‘द कमिटी हॅज’ की ‘द कमिटी हॅव’? इंग्रजीतील समूहवाचक नामे आणि क्रियापदाचे वचन

कोरा कागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचा इंग्रजी मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. अहवाल चाळीसेक पानांचा, मजकूर रुक्ष, आणि जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाचा कर्ता कोणती ना कोणती समिती. लिहिणाऱ्याने एका ठिकाणी ‘द कमिटी हॅज अप्रूव्ह्ड’ असे लिहिले होते, पुढच्याच पानावर ‘द कमिटी हॅव रिझॉल्व्ह्ड’ असे, आणि एका वाक्यात तर ‘द कमिटी हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ असा दोन्हींचा संकर केला होता. मी शाळेत पाठ केलेला नियम लावला: समूहवाचक नाम रूपाने एकवचनी असते, म्हणून क्रियापद एकवचनी आणि सर्वनामही ‘इट्स’. दिसेल ते ‘हॅव’ खोडून ‘हॅज’ केले आणि मसुदा पाठवून दिला.

आठ दिवसांनी तो परत आला. दुसऱ्या तपासनिसांनी माझी बरीचशी एकवचने पुन्हा अनेकवचने केली होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिले होते, ‘येथे सदस्य अभिप्रेत आहेत, समिती नव्हे.’ गंमत म्हणजे काही जागी त्यांनी माझे एकवचन जसेच्या तसे ठेवले होते. सगळेच बदलले असते तर पद्धत वेगळी म्हणून मी सोडून दिले असते. परंतु निवडक बदल केल्यामुळे त्यांच्या मनात काहीतरी हिशेब असणार हे उघड होते, आणि तो मला लागत नव्हता.

माझा प्रश्न तीन वाक्यांपुरता आहे. पहिले, ‘द कमिटी वॉज कॉन्स्टिट्यूटेड इन जून’. हे त्यांनी तसेच राहू दिले. दुसरे, ‘द कमिटी वॉज डिव्हायडेड ऑन धिस क्वेश्चन’. येथे ‘वॉज’चे ‘वेअर’ केले. तिसरे, ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. येथे ‘हॅव’ आणि ‘देअर’ केले, म्हणजे अहवाल सर्वांनी मिळून एकच दिलेला असूनही. तीच समिती, तेच सदस्य, मग पहिल्या पानावर ती एक आणि पाचव्या पानावर अनेक कशी होते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळटीप

यात गूढ काही नाही. अमेरिकन इंग्रजीत अशा नामांपुढे एकवचन येते, ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचनही चालते. ‘द टीम इज’ हे तिकडचे, ‘द टीम आर’ हे इकडचे. संस्थेला तिची शैली विचारावी आणि अहवालभर तीच ठेवावी. दोन तपासनीस महासागराच्या दोन काठांवर उभे होते, एवढाच या भांडणाचा अर्थ.

पाटीपेन्सिल

तळटीप, तुमचे उत्तर घाईच्या वेळी उपयोगी आहे, मात्र त्याने धागाकर्त्याचा खरा प्रश्न सुटत नाही. दुसरे तपासनीस ब्रिटिश पद्धतीचे होते असे धरले तरी त्यांनी पहिले वाक्य का सोडले, हे त्यातून कळत नाही. ब्रिटिश इंग्रजीत अनेकवचन ‘चालते’ हे खरे, पण ते सरसकट ‘लागते’ असे मुळीच नाही. मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेमका हाच गैरसमज पाहते: कोणीतरी सांगितलेले असते की इंग्लंडमध्ये ‘द कमिटी आर’ म्हणतात, आणि मग ‘द कमिटी आर अ स्मॉल वन’ असे वाक्य समोर येते, जे इंग्लंडमधल्या कानालाही खुपेल.

वचन ठरवताना नामाकडे पाहत बसू नये, विधेयाकडे पाहावे, असे मी वर्गात सांगते. ‘द फॅमिली इज लार्ज’ हे वाक्य घ्या. मोठे काय आहे? कुटुंब. त्यातला कोणताही एक माणूस मोठा नाही. संख्येने मोठे असणे हा केवळ समूहाचा गुण आहे. आता ‘द फॅमिली आर ऑल टॉल’ हे घ्या. उंच कोण? प्रत्येक जण. कुटुंबाला उंची नसते, माणसांना असते. ब्रिटिश लेखक पहिल्या वाक्यात ‘आर’ घालणार नाही आणि दुसऱ्यात बहुधा ‘आर’च घालेल. अमेरिकन लेखकाची पंचाईत दुसऱ्या वाक्यात होते. ‘इज’ त्यालाही विचित्र वाटते, म्हणून तो वाक्यच फिरवतो आणि ‘द फॅमिली मेंबर्स’ किंवा ‘एव्हरीवन इन द फॅमिली’ अशी वाट काढतो. दोघांच्याही मनातला अर्थाचा हिशेब सारखाच असतो. फरक पडतो तो हा हिशेब क्रियापदावर दाखवण्याची मुभा कोणाला कितपत आहे एवढाच.

हीच कसोटी समितीला लावून पाहा. नेमली जाणे, बरखास्त होणे, अमुक इतक्या सदस्यांची असणे, या गोष्टी समूहालाच घडतात. ‘कन्सिस्ट’ हे क्रियापद तर एकवचनाकडे इतके झुकलेले आहे की ‘द कमिटी कन्सिस्ट ऑफ’ असे लिहिणारा ब्रिटिश लेखक विरळाच. याउलट मतभेद होणे, आपापसांत वाद घालणे, आपापल्या जागी जाऊन बसणे, यांना किमान दोन माणसे लागतात. त्यामुळे दुसऱ्या तपासनिसांनी ‘कॉन्स्टिट्यूटेड’ला हात लावला नाही आणि ‘डिव्हायडेड’ बदलले, यात मला तरी सुसंगती दिसते. तिसऱ्या वाक्यात मात्र त्यांचा हात जरा सैल सुटला असे माझे मत आहे. अहवाल देणे हे समितीने समिती म्हणून केलेले काम आहे. तेथे अनेकवचन चुकीचे ठरणार नाही, पण ते करायलाच हवे होते असे कोणतेही कारण नाही.

आणखी एक गोष्ट वर्गात हटकून निसटते. क्रियापद अनेकवचनी झाले तरी नामाच्या डाव्या बाजूला काहीही हलत नाही. ‘धिस कमिटी आर’ हे ब्रिटिश लेखणीतून उतरू शकते, परंतु ‘धीज कमिटी’ हे कोठेच, कधीच होत नाही. ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ आधी आले तर अनेकवचनाचा दरवाजा जवळजवळ बंदच होतो: ‘एव्हरी फॅमिली हॅज’. थोडक्यात, दर्शक विशेषण नामाचे रूप पाहते, क्रियापदाला अर्थ पाहण्याची सवलत आहे, आणि सर्वनामाला ती सर्वांत जास्त आहे. नामापासून जितके दूर जावे तितकी रूपाची पकड ढिली होत जाते.

नवशिका

पाटीपेन्सिल ताई, फार छान समजावलेत. मला क्रिकेटच्या समालोचनातले ‘इंग्लंड आर’ नेहमी खटकायचे. इंग्लंड हे तर देशाचे नाव, साधे विशेषनाम. ते समूहवाचक कधीपासून झाले?

पाटीपेन्सिल

ज्या क्षणी ते मैदानात उतरले त्या क्षणापासून. ‘इंग्लंड इज स्मॉल’ म्हटले की भूभाग समजावा आणि ‘इंग्लंड आर ऑल आउट’ म्हटले की अकरा खेळाडू. नाव तेच राहते आणि आपण देशाविषयी बोलत आहोत की संघाविषयी हे एकटे क्रियापद सांगून जाते. ब्रिटिश इंग्रजीत खेळाच्या बाबतीत ही सवय इतकी पक्की आहे की तेथे एकवचनच परके वाटते. याच कारणाने जे ब्रिटिश वर्तमानपत्र सरकारला आणि कंपनीला एकवचन लावते, तेच क्रीडापानावर संघाला निःसंकोच अनेकवचन लावते.

अमेरिकेत गावाच्या नावाने संघाचा उल्लेख केला तर एकवचन असते, ‘बोस्टन इज लीडिंग’. पण संघाचे टोपणनाव घेतले तर अनेकवचन येते, ‘द यांकीज आर लीडिंग’. यांकीजच्या शेवटी अनेकवचनाचा प्रत्यय आहे, म्हणून ते सरळ आहे. खरी मजा ‘मायामी हीट’सारख्या नावाची आहे. ‘हीट’ म्हणजे उष्णता. रूप एकवचनी, अर्थ तर मोजताही न येणारा, आणि तरीही तिकडची वृत्तपत्रे ‘द हीट आर’ असे लिहितात. एकवचनाचा एवढा आग्रह धरणाऱ्या अमेरिकेतही खेळाडू डोळ्यांसमोर आले की अर्थ रूपावर मात करतो.

जुनी शाई

धागा वाचून राहवले नाही. हा भेद दोन देशांच्या स्वभावाचा आहे असे मानण्याची पद्धत पडली आहे, पण इतिहास पाहिला तर ते चित्र टिकत नाही.

अठराव्या शतकातील व्याकरणकार या नामांना ‘बहुत्वाची नामे’ अशा अर्थाच्या संज्ञेने ओळखत. लिंडली मरे याने १७९५ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी व्याकरणात यांच्यासाठी एक नियम दिला आहे, आणि त्याचा आशय असा की बहुत्व दाखवणाऱ्या नामाला क्रियापद किंवा सर्वनाम दोन्हींपैकी कोणत्याही वचनाचे लावता येते, फक्त तो शब्द त्या ठिकाणी एकत्वाची कल्पना देतो की अनेकत्वाची याकडे लक्ष ठेवावे. पाटीपेन्सिल वर्गात जे सांगतात तेच दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी छापले गेले होते. हा मरे जन्माने पेनसिल्व्हेनियाचा, पुढे इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेला; आणि त्याचे पुस्तक दोन्ही देशांतल्या शाळांनी वापरले. म्हणजे आज ज्यांना दोन विरुद्ध पक्ष समजले जाते त्या दोघांनी एकेकाळी एकच धडा गिरवला होता.

याहून बोलका पुरावा खुद्द अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. १७८७ साली लिहिलेल्या या मसुद्यात पहिल्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या विभागात प्रतिनिधिगृहाने आपला सभापती निवडावा असे सांगताना सर्वनाम ‘देअर’ वापरले आहे, ‘देअर स्पीकर’. पाचव्या विभागात प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाची नोंदवही ठेवावी असे सांगताना ते ‘इट्स’ झाले आहे, कारण तेथे आधी ‘ईच हाउस’ आहे. सातव्या विभागात राष्ट्राध्यक्षाने परत पाठवलेल्या विधेयकावरील आक्षेप ज्या सभागृहाने नोंदवायचे त्याला संबंधी सर्वनाम ‘हू’ लावले आहे आणि नोंदवही पुन्हा ‘देअर जर्नल’ झाली आहे. सभागृह तेच, नोंदवही तीच, फक्त दोन विभागांचे अंतर. एकदा ‘इट्स’ आणि एकदा ‘देअर’. आजच्या अमेरिकन मुद्रितशोधकाच्या हाती हा मसुदा पडला असता तर समास लाल झाला असता.

देशाच्या नावाचीही हीच कथा. त्याच घटनेत देशद्रोहाची व्याख्या करताना ‘युनायटेड स्टेट्स’ला ‘देम’ हे सर्वनाम आहे, म्हणजे राज्ये अनेक आहेत हे भान जागे आहे. १८६५ साली गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीतही ‘देअर ज्युरिस्डिक्शन’ असाच शब्दप्रयोग आहे. आज तोच शब्द निरपवादपणे एकवचनी चालतो, आणि शेवटचा अनेकवचनी प्रत्यय कोणाच्या लक्षातही येत नाही. अमेरिकेत एकवचनाची घडी नंतर बसली. ब्रिटिश लिखाणही विसाव्या शतकात हळूहळू त्याच बाजूला सरकले आहे, विशेषतः गंभीर गद्यात.

अल्पविराम

इतिहास मोठा रंजक आहे, पण ज्याला उद्या सकाळी मसुदा द्यायचा आहे त्याने काय करावे? मी मुद्रितशोधनाचे काम करतो, आणि माझ्या अनुभवात एकवचन-अनेकवचनाच्या निवडीपेक्षा मधेच केलेला बदल वाचकाला जास्त अडखळवतो. ‘द बोर्ड हॅज मेट अँड हॅव डिसायडेड’ हे वाक्य कोणत्याही देशात उभे राहू शकत नाही. एका वाक्यात क्रियापद, सर्वनाम आणि संबंधी सर्वनाम ही तिन्ही एकाच दिशेला तोंड करून उभी असावीत: ‘विच हॅज इट्स’ किंवा ‘हू हॅव देअर’. त्यामुळे धागाकर्त्याच्या मूळ मसुद्यातला ‘हॅज सबमिटेड देअर रिपोर्ट’ हा संकर मी दोन्ही पद्धतींत नापास करीन.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, जी शिकवताना फारशी कोणी सांगत नाही. हा प्रश्न वाटतो तितक्या ठिकाणी येतच नाही. इंग्रजीत साधा भूतकाळ वचनाने बदलत नाही. ‘द कमिटी डिसायडेड’ दोन्हींना पुरते. ‘विल’, ‘शॅल’, ‘मे’, ‘मस्ट’ आले की वचन झाकले जाते. जुनी शाई यांनी दिलेल्या घटनेतल्या उदाहरणांत म्हणूनच फरक सर्वनामात दिसतो, कारण तेथे क्रियापद बहुतेक वेळा ‘शॅल’ आहे. उरतात त्या तीन जागा: ‘इज-आर’ आणि ‘वॉज-वेअर’, ‘हॅज-हॅव’, आणि साध्या वर्तमानकाळातला शेवटचा ‘स’. अहवाल बहुधा भूतकाळात असतात, त्यामुळे मी प्रथम संगणकावर ‘वॉज’, ‘वेअर’, ‘हॅज’, ‘हॅव’ एवढेच शोधतो आणि फक्त तेथे थांबतो.

जुनी शाई

अल्पविराम, एका वाक्यापुरते मान्य. परंतु वाक्याची सीमा ओलांडल्यावर तुमचा नियम जाचक होतो. ‘माय फॅमिली इज कमिंग. दे विल बी हिअर बाय इव्हनिंग.’ हे कोणत्याही अमेरिकन माणसाच्या तोंडचे अगदी स्वाभाविक बोलणे आहे. पहिल्या वाक्यात क्रियापद नामाला चिकटलेले आहे म्हणून एकवचन; दुसऱ्या वाक्यात येणारी माणसे डोळ्यांसमोर उभी राहिली म्हणून ‘दे’. तेथे सुसंगतीसाठी ‘इट विल बी हिअर’ केले तर घरची माणसे येत आहेत की एखादे पार्सल, असा प्रश्न पडेल.

अल्पविराम

पार्सलचा मुद्दा बिनतोड आहे. सुधारणा करतो: एका वाक्याच्या आत मिसळ नको, पुढच्या वाक्यात सर्वनामाने माणसांकडे वळायला हरकत नाही. तरीही औपचारिक अहवालात मी ते टाळेन, कारण अहवालातल्या समितीला ‘इट’ म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

नवशिका

मधेच विचारतो त्याबद्दल क्षमस्व. ‘द पोलीस इज’ का म्हणत नाहीत? आणि ‘अ नंबर ऑफ’ला अनेकवचन, पण ‘द नंबर ऑफ’ला एकवचन, हे काय प्रकरण आहे?

पाटीपेन्सिल

दोन्ही गोष्टी या धाग्याच्या शेजारच्या आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. ‘पोलीस’, ‘पीपल’ आणि ‘कॅटल’ यांना प्रमाण इंग्रजीत निवडीचा अधिकारच नाही. प्रत्यय नसला तरी ती अनेकवचनीच, अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना. आपण ‘एक पोलीस आला’ म्हणतो म्हणून ‘अ पोलीस’ लिहावेसे वाटते. तेथे ‘पोलीस ऑफिसर’ म्हणावे लागते. ‘पीपल’चा अर्थ ‘एक राष्ट्र’ असा असेल तेव्हा मात्र ‘अ पीपल’ आणि ‘पीपल्स’ दोन्ही होतात. याच्या उलट टोकाला ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’ आहेत. वस्तू कितीही असल्या तरी कायम एकवचन, कारण ती समूहवाचक नामे नसून न मोजता येणारी नामे आहेत.

‘द नंबर ऑफ एरर्स इज स्मॉल’ यात लहान काय आहे? आकडा. ‘अ नंबर ऑफ एरर्स आर मायनर’ यात किरकोळ काय आहे? चुका. ‘अ नंबर ऑफ’ याचा अर्थ केवळ ‘कित्येक’ एवढाच उरला आहे आणि खरा कर्ता पुढचे नाम आहे. विधेयाला विचारा, ते बरोबर माणूस दाखवते. ‘अ ग्रुप ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग’ हे अमेरिकेतही सर्रास ऐकू येते, त्यामागेही हेच आहे, शिवाय क्रियापदाच्या अगदी जवळ बसलेले ‘स्टुडंट्स’ त्याला आपल्याकडे ओढते. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टव्हिक या चौघांनी १९८५ साली सिद्ध केलेल्या बृहद् व्याकरणात या तीन ओढींची स्वतंत्र नोंद आहे: रूपाचा मेळ, अर्थाचा मेळ आणि सान्निध्याचा मेळ. बहुतेक वाक्यांत तिघांचे एकमत असते, म्हणून आपल्याला त्यांचे अस्तित्व जाणवत नाही. समूहवाचक नाम आले की त्यांची फाटाफूट होते.

उंबरठा

मी इंग्रजीची जाणकार नाही, पण धागाकर्त्याने सुरुवातच ‘नमस्कार मंडळी’ अशी केली आहे आणि अजून कोणाच्या ते लक्षात आले नाही, याचे आश्चर्य वाटते.

‘मंडळी’ या शब्दाकडे जरा निरखून पाहा. ‘घरची मंडळी जेवायला बसली’ यात ‘बसली’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे की नपुंसकलिंगी अनेकवचन? दोन्हींची रूपे सारखी, त्यामुळे वाक्य गुपित राखून ठेवते, अगदी अल्पविराम यांनी सांगितलेल्या इंग्रजी भूतकाळासारखे. पुढे सहायक क्रियापद आले की गुपित फुटते: ‘मंडळी जेवायला बसली आहेत’. माझ्या तोंडी तरी ‘आहेत’च येते, ‘बसली आहे’ म्हणणारेही आहेत, आणि कोणी कोणाला चूक ठरवत नाही. आता ‘नाटक मंडळी’ घ्या. ‘नवी नाटक मंडळी स्थापन झाली आहे’ येथे ‘आहेत’ घालून पाहा, जीभ अडते. स्थापन होणे हे संस्थेचे काम, जेवायला बसणे हे माणसांचे. धागाकर्त्याचे पहिले आणि दुसरे वाक्य यांत जो फरक आहे तोच हा, आणि आपण तो कोणत्याही नियमावाचून रोज पाळतो.

मग इंग्रजी समितीपाशीच आपण का अडतो? माझा तर्क असा की मराठीत ‘समितीने अहवाल दिला’ म्हटले की ‘दिला’ हे अहवालाशी जुळते, समितीशी नाही. ‘समितीने शिफारस केली’, ‘समितीने निर्णय घेतले’. क्रियापद दरवेळी कर्माच्या मागे जाते आणि ‘ने’ लागलेला कर्ता वचनाच्या भानगडीतून मोकळा होतो. कर्मणी प्रयोगाने आपल्याला या प्रश्नापासून इतके जपले आहे की ‘हॅज’ की ‘हॅव’ ठरवताना आतून कसलाच आवाज येत नाही, म्हणून आपण पाठ केलेल्या नियमाकडे धावतो.

पाटीपेन्सिल

उंबरठा ताई, हे उदाहरण मी उद्या वर्गात वापरणार आहे. त्यात माझी एक भर: मराठीत अनेकवचन आदरासाठीही येते. ‘अध्यक्ष आले आहेत’ यात माणूस एकच असतो. वचन म्हणजे निव्वळ मोजदाद नव्हे, बोलणारा समोरच्याकडे कसा पाहतो तेही त्यात येते, ही जाण आपल्या भाषेत आधीपासून आहे. ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड’ हे त्या मानाने फारसे परके नाही. माझ्या विद्यार्थ्यांना ते परके वाटते, कारण त्यांना इंग्रजीतले वचन गणितासारखे शिकवले जाते, आणि त्या पापात माझाही वाटा आहे.

तळटीप

मी पहिल्या प्रतिसादात प्रकरण चार ओळींत मिटवले होते, ते मागे घेतो. मात्र एक आग्रह कायम आहे. एखाद्या परीक्षेत किंवा कार्यालयीन शैलीपुस्तकात अमेरिकन पद्धत मागितली असेल, तर ‘अर्थाचा मेळ’ असे समासात लिहून सुटका होत नाही. तेथे एकवचनच लिहावे आणि जेथे ते कानाला बोचेल तेथे ‘मेंबर्स’ हा शब्द आणून खरोखरीचे अनेकवचन करावे.

अल्पविराम

‘मेंबर्स ऑफ द कमिटी’ हा उपाय मिठासारखा आहे, तळटीप. चाळीस पानांत तीस वेळा तो आला तर वाचक समितीवर नव्हे, संपादकावर चिडेल. त्यापेक्षा कर्ताच बदलता येतो: ‘ओपिनियन इन द कमिटी वॉज डिव्हायडेड’. मतभेद शाबूत, ‘वॉज’ निर्विवाद, आणि एकही शब्द भरतीचा नाही.

कोरा कागद (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मसुदा पुन्हा उघडला. अल्पविराम यांच्या सूचनेप्रमाणे चारच शब्द शोधले, आणि आश्चर्य वाटले ते याचे की ज्या वादाने मी आठवडाभर अस्वस्थ होतो तो प्रत्यक्षात वीसएक जागांपुरता होता. बाकी सगळीकडे साधा भूतकाळ.

पहिले वाक्य होते तसेच आहे. दुसऱ्यात अल्पविराम यांचे ‘ओपिनियन’ बसवले. तिसऱ्यात ‘हॅज’ आणि ‘इट्स’ परत आणले, आणि समासात दुसऱ्या तपासनिसांसाठी लिहिले की अहवाल समितीने संस्था म्हणून दिला आहे, सदस्यांनी वेगवेगळा नाही. त्यांचे उत्तर आज आले: ‘मान्य. पृष्ठ ३१ पाहावे.’ पृष्ठ ३१ वर मीच न बदललेले एक वाक्य होते, ‘द सबकमिटी हॅज टेकन देअर सीट्स’. माझ्या नियमाने तेथे ‘इट्स सीट्स’ झाले असते आणि सगळी उपसमिती मिळून एकाच माणसासारखी अनेक खुर्च्यांवर बसली असती. तेथे मी मुकाट्याने ‘हॅव’ केले. शैलीपुस्तक विचारले असता संस्थेकडे तसे काही नाही असे कळले, म्हणून तळटीप यांचा आग्रह तूर्त लागू होत नाही.

शेवटच्या पानावर कर्मचाऱ्यांचे आभार आहेत, ‘द स्टाफ वेअर’ असे. ते तसेच ठेवू ना?

पाटीपेन्सिल

ठेवा. ब्रिटिश पद्धतीत ‘स्टाफ’ला अनेकवचन अगदी रुळलेले आहे. फक्त वरच्या ओळीत कोणी ‘टू स्टाफ्स’ लिहिले आहे का ते एकदा पाहून घ्या. एका कर्मचाऱ्याला ‘अ मेंबर ऑफ स्टाफ’ म्हणतात, आणि ती चूक मला दर वर्षी किमान एका अहवालात सापडते.

कोरा कागद (धागाकर्ता)

पाहिले. लिहिले आहे. दोनदा.